कांचनमाला घरत आत येते

रबाळ्याला, एमआयडीसीत, मी व्हॉल्व्हचे दांडे मोजते.
मायक्रोमीटरच्या दोन ओठांत दांडा धरायचा,
श्वास धरायचा,
आकडा वाचायचा.
दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालतं.
तिसरा आला की लाल शिक्का.
एकोणीस वर्षं.
बोलायचं काम नाही यात.

नाकारलेल्या मालाच्या चिठ्ठ्या मागून कोऱ्या असतात.
जेवणाच्या सुट्टीत त्यांवर मी एक बाई लिहायला घेतली:
कांचनमाला घरत, घणसोली गाव, झेरॉक्सचं दुकान.
माझ्यासारखी अजिबात नको, एवढंच ठरलेलं.
न विचारता दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारी,
गिऱ्हाइकाच्या आधार कार्डावरचा फोटो बघून
"यो तू हाय का तुजा बापूस?" म्हणून खदखदणारी,
उधारी न लिहिणारी,
सकाळचा राग दुपारी कुठे ठेवला ते न आठवणारी.

पहिल्याच चिठ्ठीवर ती कुणाकडे तरी गेली
आणि दाराशी तिने
चपला जुळवून ठेवल्या.
टाचेला टाच.
मी खोडलं.
पुढच्या वेळी भिरकावल्या;
पण भिरकावण्याआधी
जागा बघून घेतली.
कळलंच मला, बघणारी कोण ते.

तिला वाशीच्या मार्केटात भांडायला लावलं, कांद्याच्या गाळ्यावर.
भांडण रंगलं म्हणावं तर
प्रत्येक वाक्य तिने आधी मनात म्हणून बघितलेलं.
दिसत होतं ते,
झंपर उलटा घातल्यावर शिवण दिसते तसं.

मग एका रविवारी घणसोली डेपोत जाऊन बसले.
ठरवून. शेजारणीशी बोलायचं.
तीन बस गेल्या.
चौथीच्या आधी म्हटलं, "उकडतंय ना?"
"हो ना," म्हणाली, आणि नणंदेचे पित्ताचे खडे,
पोराचं गणित, तळवलीतल्या खोलीचं भाडं
सगळं माझ्या मांडीवर ओतून
बसमध्ये चढली. नावही न सांगता.
मी तिथेच, पर्स पोटाशी धरून,
सही न घेता कुणी माल उतरवून गेल्यासारखी.

त्या रात्री कांचनमालेला मी एक पत्ता दिला.
ठाणे, चरई, दुसरा मजला, दारावर पितळी कासव.
माझी बहीण.

आमचं भांडण झालं नाही कधी.
आईच्या बांगड्यांची वाटणी झाली.
मीच केली, सोनाराच्या काट्यावर,
मिलिग्रॅमचाही फरक नाही.
वासंतीने एक बांगडी उचलून नुसती फिरवली बोटांत,
काहीतरी म्हणणार होती.
मी कागद पुढे केला, सहीसाठी.
दिवाळीत सहा वर्षं होतील.

कांचनमाला गेली. बेलवर भागतंय थोडंच,
दारही थापटलं.
दार उघडलं.
चिठ्ठी संपली.

दुसरी घेतली. काय म्हणते ही आता?
चार वाक्यं लिहिली.
चारही माझी, चारही मापात.
शिक्का. शिक्का. शिक्का. शिक्का.
पेन खाली ठेवलं.
डबा उघडाच होता, भाजीवर साय धरत होती,
भोंगा व्हायला पाच मिनिटं,
आणि आतून, पार स्वयंपाकघरातून, आवाज आला:
"साखर घाल गो बाय, मोजू नको."

वासंती हसली.
कशावर, ते ऐकू आलं नाही.
मी जिन्यात उभी, माझ्याच गोष्टीत,
हातात नाकारलेल्या मालाची चिठ्ठी.

उंबऱ्याशी कांचनमालेच्या चपला:
एक कासवाखाली, आडवी,
दुसरी पार उलटी, तळव्याला घणसोलीचा चिखल.
उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं,
आई म्हणायची आणि जाता जाता
अंगठ्याने ती सुलटी करायची.
माझाही अंगठा पुढे झाला.

राहू दे.
होऊ दे एकदाचं.